गुरुत्वाकर्षण बाईला वेगळं लागत नाही, तरीही…
भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भौतिकशास्त्र अभ्यास मंडळ

आदरणीय सर, मॅडम,

'गुरुत्वाकर्षण बाईला वेगळं लागतं का हो?' असं गेल्या महिन्यात तुमच्या बैठकीत कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला, असं तिथे हजर असलेल्या दोघांकडून मला कळलं. आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. नाही लागत. डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून माझी डब्याची पिशवी निसटली, तर ती ज्या त्वरणानं खाली येईल त्याच त्वरणानं तुमची बॅग येईल. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं किंवा मुलानं याहून वेगळं कधी लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर मीच शून्य दिलं असतं.

हशा संपल्यावर निर्णय झाला. तिसऱ्या वर्षाला 'भौतिकशास्त्राचा इतिहास आणि तत्त्वज्ञान' हा दोन क्रेडिटचा ऐच्छिक पेपर आहे. त्यातलं भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानातल्या स्त्रीवादी प्रश्नांवरचं आठ तासिकांचं युनिट येत्या जूनपासून वगळायचं, आणि त्याऐवजी महिला विकास कक्षानं दरवर्षी ८ मार्चच्या आसपास एक व्याख्यान ठेवायचं. इतिवृत्तात कारण एका ओळीत आलं आहे: 'विषयाशी थेट संबंध नाही.'

ते युनिट मी शिकवते. दोन पत्रं दिली, दोन्हींवर आवक क्रमांक पडला, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा स्वार्थही सांगून टाकते, म्हणजे तो कुणाला शोधावा लागणार नाही. मी तासिका तत्त्वावर आहे. आठ तासिका गेल्या की तेवढं मानधन जातं. पण त्या तासांत ऑप्टिक्सची उजळणी घ्यायला सांगितलीत, तर पैसे तेवढेच मिळतील आणि तयारी निम्म्याहून कमी लागेल. दुसरं म्हणजे मी याच विभागाची विद्यार्थिनी. तुमच्यापैकी दोघांनी मला शिकवलं आहे. स्पेक्ट्रोमीटर लेव्हल कसा करायचा हे एका सरांनी माझ्याकडून चार वेळा करून घेतलं होतं, आणि चौथ्यांदा जमल्यावर 'आता विसरणार नाहीस' म्हणाले होते. विसरले नाही. हे पत्र त्या सरांनाही आहे.

आता तुमची एक ओळ. थेट संबंध नाही, असं तुम्ही म्हणता. या युनिटमधल्या पहिल्या दोन तासिकांत मी काय करते ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ साली पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणिती पायावरच्या आपल्या ग्रंथात एक सिद्धता दिली. पुंजयांत्रिकीच्या मागे दडलेले काही चल असतील, ते कळले तर प्रत्येक मापनाचं उत्तर आधीच सांगता येईल, ही आशा व्यर्थ आहे, असे चल असूच शकत नाहीत, असा तिचा अर्थ लावला गेला. नाव एवढं मोठं की पुढच्या पिढीनं सिद्धता न वाचताच तिचा दाखला द्यायला सुरुवात केली. १९३५ साली ग्रेटे हेरमान या जर्मन तत्त्वज्ञ स्त्रीनं ती वाचली. ही गणितज्ञ एमी नोएथर यांची विद्यार्थिनी. कार्यकारणभावाच्या प्रश्नावर लाइपझिगला, पुंजयांत्रिकीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या हायझेनबर्ग यांच्याशी वाद घालायला गेली होती. तिनं दाखवलं की सिद्धतेत एक गृहीतक मागच्या दारानं आत आलं आहे. दोन राशींच्या बेरजेची सरासरी म्हणजे त्यांच्या सरासऱ्यांची बेरीज, हे पुंजयांत्रिकीच्या नेहमीच्या अवस्थांना लागू आहेच. पण त्या कल्पित, दडलेल्या चलांनी ठरणाऱ्या अवस्थांनाही ते लागू असलं पाहिजे, हे कुणी ठरवलं? जे सिद्ध करायचं तेच यात आधी मानून घेतलं आहे.

फळ्यावर हे पाच मिनिटांत होतं. स्पिनचा (कणाच्या अंगभूत फिरकीचा) एक घटक क्ष दिशेला, एक य दिशेला. योग्य एककात मोजला तर प्रत्येकाचं उत्तर अधिक एक किंवा उणे एक. मग बेरीज शून्य, अधिक दोन किंवा उणे दोन यायला हवी. पण या दोहोंची बेरीज ही राशी म्हणून मोजली, तर उत्तर येतं अधिक किंवा उणे वर्गमूळ दोन. म्हणजे एकेका मापनाच्या उत्तरांना बेरजेचा हा नियम लावताच येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे समजतं. मागच्या वर्षी एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, एवढं सोपं होतं तर कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?'

लक्षात आलं होतं, हेच तर मला सांगायचं आहे. लक्षात आलं होतं, छापलंही होतं, पण ऐकलं गेलं नाही. १९५२ साली डेव्हिड बोम यांनी दडलेल्या चलांचा एक चालता सिद्धांतच समोर ठेवला, तरी फॉन नॉयमन यांची सिद्धता दाखवून लोकांना गप्प करणं थांबलं नाही. त्या सिद्धतेतली उणीव भौतिकशास्त्रज्ञांनी गांभीर्यानं घेतली ती जॉन बेल यांनी १९६६ साली स्वतंत्रपणे दाखवल्यावर. मध्ये एकतीस वर्षं गेली.

हेरमान बाई होती म्हणूनच तिचं ऐकलं नाही, असं मी वर्गात म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. ती तत्त्वज्ञानाची होती, भौतिकशास्त्राची नव्हे. लेख ज्या नियतकालिकात आला ते भौतिकशास्त्रज्ञ वाचत नव्हते. ती नाझीविरोधी गटात काम करत होती आणि तिला देश सोडावा लागला. शिवाय दडलेल्या चलांवर तिचा स्वतःचाही भरवसा नव्हता. तिला फक्त सिद्धता चुकीची वाटत होती. फॉन नॉयमन नेमकं काय म्हणत होते यावरही अभ्यासकांत वाद चालू आहे. हे सगळं मी सांगते आणि मग विचारते: ज्या शास्त्रात एका बरोबर आक्षेपाला पोचायला एकतीस वर्षं लागतात, त्या शास्त्राच्या पद्धतीत आक्षेप कुणाकडून येतो याला काही जागा आहे की नाही?

हाच प्रश्न हेलन लाँजिनो या अमेरिकन तत्त्वज्ञ स्त्रीनं १९९० साली नीट मांडला. पुरावा आणि सिद्धांत यांच्यामध्ये नेहमी काही गृहीतकं असतात. स्वतःची गृहीतकं स्वतःला दिसत नाहीत, चष्म्याची काच दिसत नाही तशी. म्हणून वस्तुनिष्ठता एकट्या शास्त्रज्ञाच्या मनोनिग्रहातून येत नाही, ती समूहाच्या वागण्यातून येते. टीकेसाठी मान्य जागा हवी, टीकेनं मतं खरोखर हलली पाहिजेत, निकष सगळ्यांना ठाऊक असलेले हवेत, आणि बोलणाऱ्याच्या पदापेक्षा, पैशापेक्षा, लिंगापेक्षा त्याच्या मुद्द्याचं वजन जास्त धरलं पाहिजे. यात 'बायकांचं भौतिकशास्त्र' कुठे आहे? हा भौतिकशास्त्र कसं कळतं याचा सिद्धांत आहे. याला थेट संबंध नसेल, तर त्याच पेपरात पॉपर आणि कून या विज्ञानाच्या तत्त्वज्ञांवरची युनिटं कशी राहिली? त्यांच्या नावावर कुणी हसलं नाही, एवढाच फरक मला दिसतो.

दुसरी तक्रार तुमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या शेऱ्याबद्दल. 'हे सगळं विज्ञानविरोधी असतं, सोकल प्रकरण आठवा.' आठवतं, सर. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञानं जाणूनबुजून निरर्थक लेख लिहून एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला. ते प्रकरण मी शिकवते, आणि मजा घेऊन शिकवते. लूस इरिगारे या स्त्रीवादी तत्त्वज्ञ स्त्रीनं द्रवयांत्रिकीबद्दल जे लिहिलं ते मला पटत नाही. टर्ब्युलन्सचं, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचं, गणित अवघड आहे ते प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं अरेषीय आहेत म्हणून, द्रव 'स्त्रैण' मानला गेला म्हणून नव्हे, असं फळ्यावर लिहून मुलांना वाद घालायला लावते. करेन बराड यांनी भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या विचारातून जी मांडणी केली, की मोजणारं उपकरण आणि मोजली जाणारी वस्तू यांच्यातली रेघ आधीपासून नसते, ती मापनाच्या मांडणीतच आखली जाते, ती मला निम्मी पटते आणि निम्मी फार ताणलेली वाटते. सापेक्षतावादातला 'निरीक्षक' आणि स्त्रीवादातला 'दृष्टिकोन' एकच, असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं तर लाल फुली मारते, कारण ते निव्वळ शब्दसाधर्म्य आहे. विषयात कच्चं धान्य आहे म्हणून पोतंच फेकायचं असेल, तर पुंजयांत्रिकीच्या नावानं बाजारात जे अध्यात्म विकलं जातं त्यापायी पुंजयांत्रिकीही बंद करावी लागेल.

आणि हो, स्त्रीवादी टीका करणारे भौतिकशास्त्राला बाहेरून दगड मारतात, हाही समज काढून टाका. एव्हलिन फॉक्स केलर यांची पीएच.डी. हार्वर्डची आणि भौतिकशास्त्रातलीच. बराड मूळचे सैद्धांतिक कणभौतिकीतले. परक्या घरात डोकावणारी ही माणसं नव्हेत.

तिसरी गोष्ट मुंबईची आहे, आणि ती या शहरातल्या मंडळाला सांगावी लागते याचं वाईट वाटतं.

बिभा चौधुरी हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी वर्गात उच्चारलं आहे? १९४९ साली त्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आल्या. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, आपल्या कॉलेजातून टॅक्सीनं जाण्यासारखी. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. त्याआधी कलकत्त्यात देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी हिमालयातल्या उंच ठिकाणी फोटोग्राफिक प्लेटा ठेवून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतल्या मेसॉन या कणांचे माग पकडले, वस्तुमान काढलं, 'नेचर'मध्ये निबंध छापले. आणखी संवेदनशील प्लेटा हव्या होत्या, पण युद्धामुळे मिळाल्या नाहीत. युद्धानंतर तशा प्लेटा ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या हाती आल्या, पायॉन हा मेसॉन सापडला, १९५०चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. अशा प्लेटांनी अणुकेंद्राच्या घटना पकडण्याची पद्धत ज्यांनी वर्षानुवर्षं खपून घडवली त्या व्हिएन्नाच्या मारिएट्टा ब्लाउ, ज्यू म्हणून १९३८ साली देशोधडीला लागल्या. ब्रिस्टलच्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून दिवसच्या दिवस प्लेटा तपासायच्या स्त्रिया. त्यांना 'स्कॅनर' म्हणत. पायॉनचा क्षय होतानाची पहिली खूण दिसली ती मारिएट्टा कुर्झ नावाच्या स्कॅनरला.

ही यादी मी 'बघा, किती अन्याय' म्हणून सांगत नाही. ते ८ मार्चच्या व्याख्यानात सांगतातच, वर गुलाबाचं फूलही देतात. मी विचारते, निरीक्षण म्हणजे काय? शेकडो रेघांमधून ही रेघ वेगळी आहे हे ओळखणं हे ज्ञान, की नुसती डोळ्यांची मजुरी? 'कण कुणी शोधला' या वाक्याचा कर्ता आपण कसा ठरवतो? निरीक्षणात सिद्धांत किती मिसळलेला असतो, हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातला जुना आणि प्रतिष्ठित प्रश्न आहे. सूक्ष्मदर्शकाशी कोण बसलं होतं हे सांगितलं की तो हवेतून जमिनीवर येतो.

कमला सोहोनींचं मी थोडक्यात आटोपते, कारण मराठी वाचकांना त्या ठाऊक आहेत; दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून का होईना. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल गुणांनी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हटून वर्षभराच्या अटींवर मिळवला, पुढे केंब्रिजची पीएच.डी. केली आणि बऱ्याच उशिरा का होईना, आपल्या फोर्टातल्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. रामन यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी यांनी हिऱ्यांच्या वर्णपटांवर मोठं काम केलं. मद्रास विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली नाही, कारण एम.एस्सी.चा कागद नव्हता. पुढे भारतीय हवामान खात्याची उपकरणं पुण्यात ज्यांनी उभी केली त्या याच. नियमांवर बोट ठेवून 'थेट संबंध नाही' म्हणणारी मंडळं तेव्हाही होती.

चौथी तक्रार तुमच्या-माझ्या प्रयोगशाळेची. कोणत्याही बॅचला जाऊन उभे राहा. प्रयोग न्यूटनच्या रिंगांचा असो की सीआरओचा (विद्युतलहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा), चौघांच्या गटात उपकरणाला हात कुणाचा आणि हातात पेन कुणाच्या, ते बघा. 'रीडिंग तू लिही, तुझं अक्षर छान आहे.' हे वाक्य मी विद्यार्थिनी असताना ऐकलं, आजही ऐकते. मी टक्केवारी सांगत नाही. एका कॉलेजातल्या दोन बॅचवरून आकडा काढणं शास्त्राला धरून नाही. पण क्रॉसवायर रिंगेच्या नेमक्या कडेवर आणताना जो अंदाज बोटांना येतो, तो सर्टिफाइड जर्नलमधून येत नाही. मुलगी उत्तम गुणांनी पास होते आणि तिच्या हाताला व्हर्निअरचा स्क्रू ठाऊक नसतो. हे युनिट झाल्यावर मागच्या वर्षी मुलांनी आपणहून पाळी लावून घेतली: प्रत्येक प्रयोगाला हात बदलायचा, पेन बदलायचं. ज्या युनिटाचा विषयाशी संबंध नाही, त्याचा एवढा संबंध तर प्रॅक्टिकलला पोचला.

एक गोष्ट राहिली. पहिल्या तासिकेला मी विचारते, जात्याचा खुंटा मधोमध का नसतो, कडेला का? उत्तर लगेच येतं: टॉर्क. मग विचारते, पाठ्यपुस्तकात दार असतं, पाना असतो, जातं का नसतं? थोडी चर्चा होते. मग मीच सांगते, की उदाहरण बदललं म्हणून टॉर्क बदलत नाही, आणि उदाहरणं बदलणं म्हणजे या विषयाचं उंबरठ्यावरचं पाऊल, घर अजून पुढे आहे. तुमच्यापैकी काहींनी बहुधा या पहिल्या तासिकेचीच हकिगत ऐकली असावी.

पाचवी आणि शेवटची तक्रार पद्धतीची आहे. युनिट वगळताना ते शिकवणारीला बोलावलं नाही. टिपणं मागवली नाहीत, प्रश्नपत्रिका पाहिल्या नाहीत, मुलांचे अभिप्राय विभागाच्या फाइलमध्ये असून उघडले नाहीत. निर्णय मला विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या पीडीएफमधून कळला, दादर-कुर्ल्याच्या मध्ये, लेडीज डब्यात उभी असताना. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मंडळात जागा नसते, हे मला माहीत आहे. पण जागा नसणं वेगळं आणि म्हणणंच न ऐकणं वेगळं. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रियांच्या भूमिदृष्टीबद्दल, म्हणजे त्यांच्या जागेवरून जग कसं दिसतं याबद्दल, लिहिताना जे बजावलं, ते इथे माझ्यावरही उलटतं: माझ्यासारखी पदवीधर, शहरी बाईसुद्धा सगळ्यांच्या वतीनं बोलू शकत नाही. म्हणूनच त्या युनिटमधली शेवटची तासिका मी बोलत नाही. मुलं बोलतात. त्यात एकदा प्रयोगशाळा परिचरांना बोलावलं होतं. कोणतं उपकरण कोणत्या वर्षी कुणी बिघडवलं आणि दुरुस्त कुणी केलं, हा इतिहास त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही.

मागण्या अशा आहेत.

युनिट आठ तासिकांसह आणि गुणांसह पेपरात परत घ्यावं. अभ्यासक्रमात बदल हवा असेल तर करा; इरिगारे काढा, आणखी हेरमान घाला, माझी हरकत नाही.

परत घ्यायचं नसेल तर कारणं लेखी द्या, एका ओळीपेक्षा जास्त. पॉपर-कून यांच्या युनिटांना जो निकष लावला तोच याला लावून दाखवा.

पुढच्या बैठकीत मला वीस मिनिटं द्या. मत द्यायचा हक्क नको, फक्त बोलायला आणि उत्तर ऐकायला.

महिला विकास कक्षाचं व्याख्यान जरूर ठेवा, पण याच्या बदल्यात नव्हे.

युनिट राहो वा न राहो, प्रत्येक प्रॅक्टिकलला हात आणि पेन आळीपाळीनं बदलण्याची सूचना सगळ्या बॅचना काढा. याला ना क्रेडिट लागतं ना पैसा. एका परिपत्रकाचं काम आहे.

या विषयावरचं लेखन मुलांना मराठीत करू द्या. इंग्रजीत तीन ओळींवर अडणारी मुलं मराठीत तीन पानं वाद घालतात, हे मी पाहिलं आहे.

नव्या वर्षाचा अभ्यासक्रम एप्रिलअखेर छपाईला जातो. त्याआधी उत्तर मिळावं, ही विनंती.

तोवर, कुणाला पाहायचं असल्यास, आठही तासिकांची टिपणं आणि मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका विभागाच्या लाकडी कपाटात ठेवल्या आहेत, वरून दुसऱ्या खणात, स्पेक्ट्रोमीटरच्या शेजारी. किल्ली परिचरांकडे असते.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्र विभागातली तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका
मुंबई